इंडोनेशियातल्या एखाद्या आडगावात स्वस्तात जमीन घेऊन कायमचं राहता येईल का? बालीत नको, जिथे पर्यटक जात नाहीत अशा ठिकाणी.

राहता येईल. जमीन घेता येणार नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यात मालकी हक्क, ज्याला तिथे 'हक मिलिक' म्हणतात, फक्त तिथल्या नागरिकांना आहे. परदेशी माणसाला राहण्याचा परवाना असेल तर 'हक पाकाई' मिळतो, म्हणजे ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क. त्यातही परदेशी माणसाने घ्यायच्या घराला प्रांतानुसार किमान किंमत ठरलेली आहे, त्यामुळे तुमचा 'स्वस्तात' तिथेच संपला. कुणी म्हणेल, माझ्या नावावर घेऊ, आतून कागद करू. ते अजिबात करू नका. असा व्यवहार कायद्याने रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

आता हे सगळं मी कुठे आणि कसा शिकलो ते सांगतो, कारण तुमचा प्रश्न मी स्वतः एका घरात, वीस माणसांसमोर विचारलेला आहे.

पश्चिम जावात पुरवाकार्ताला एका कापड गिरणीत मी आठ वर्षं मेंटेनन्सला होतो. माझ्याबरोबरचा एक फोरमन मिनांगकाबाऊ समाजाचा होता, पश्चिम सुमात्रातला. आम्ही सगळे त्याला 'उदा' म्हणायचो, त्यांच्याकडे दादाला उदा म्हणतात. 2016 च्या ईदला तो मला गावी घेऊन गेला. पाडांगला विमानाने उतरायचं, मग आनाई घाटातल्या धबधब्याशेजारून वर चढत पाडांग पांजांग आणि पुढे बातुसांगकरकडे. त्याचं गाव तिथून आत, माऱापी ज्वालामुखीच्या उतारावर. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, पाटाचं पाणी दिवसभर वाजत असतं. आमच्या खटाव तालुक्यातल्या माणसाला एवढं पाणी बघून आधी रागच येतो.

घर बहिणीचं. 'बहिणीकडे उतरलो' अशा अर्थाने नाही. घर, अंगण, खाचरं, सगळं आईकडून मुलीकडे जातं. उदाची आई, जिला सगळे अमाक म्हणत, तिच्या आईचं ते घर, पुढे बहिणीचं आणि तिच्या मुलींचं. लग्न झाल्यावर नवरा नांदायला येतो. त्याला 'सुमांदो' म्हणतात आणि त्याची किंमत तोडलेल्या झाडाच्या खुंटावरच्या राखेएवढी, वारा आला की गेली, अशी त्यांची म्हणच आहे. बहिणीचा नवरा तीन दिवस मुकाट्याने पाहुण्यांना कॉफीच्या पानांचा काढा देत होता, नारळाच्या करवंटीतून. चांगला लागतो, भाजक्या वासाचा, सोबत केळ्याची भजी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक होती. त्यांचं एक खाचर बरीच वर्षं गहाण पडलेलं. तिथे गहाणाचा हिशोब सोन्यात होतो आणि सोनं परत करेपर्यंत धान्य गहाण घेणारा खातो. वडिलोपार्जित जमीन, 'पुसाको तिंगी', विकायची नाहीच. गहाण टाकायची परवानगीसुद्धा चारच कारणांना: घरात मयत पडलंय आणि खर्चाला पैसा नाही, मुलगी लग्नाची झाली आहे, मोठं घर गळतंय, किंवा कुळाचा सरदारकीचा मान पुन्हा उभा करायचाय. यांचं खाचर आजीच्या मयताला गेलं होतं. ते सोडवायला पैसे आणले होते उदाने, गिरणीतल्या ओव्हरटाइमचे. मामा लोक बोलले, वंशावळीचा कागद निघाला, पैसे मोजले, खाचर सुटलं. आणि कसायला गेलं बहिणीकडे.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, पैसे याचे, मग याला काय? उदा हसला. म्हणाला, मी इथे पाहुणा आहे, माझी खोली बायकोच्या गावी. मग मी अक्कल पाजळली. म्हटलं, त्यातले चार-पाच गुंठे मला द्या, दुप्पट पैसे देतो, निवृत्त झालो की छोटं घर बांधीन, समोर डोंगर आहे. सगळे गप्प. अमाकला भाचीने माझं बोलणं मिनांग भाषेत सांगितलं. म्हातारीने मला शांतपणे विचारलं, "तुला बहीण नाही का?"

आहे म्हटलं.

"मग तिच्या शेतात बांध की."

सगळे हसले. मीही हसलो. पण त्या हसण्यात मला एकट्यालाच माहीत होतं की 2002 साली ताईचं हक्कसोडपत्र सह्यांसाठी घेऊन तिच्या सासरी गेलेला माणूस मीच होतो. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली होती. दादा म्हणाला, बहिणीला हिस्सा दिला की जमीन परक्या घरात जाते. मी साडी घेतली, पेढे घेतले आणि गेलो. तिने चहा ठेवला, न वाचता सही केली. पुढे 2005 ला मुलींच्या वारसाहक्काचा कायदा बदलला तेव्हा दादाने हिशोब मांडून दाखवला की 20 डिसेंबर 2004 च्या आधीचे नोंदणी झालेले कागद उघडत नाहीत. बरोबर आहे त्याचं. कायद्याने आम्ही दोघं सुटलो.

'जमीन परक्या घरात जाते' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. तिथे गेल्यावर कळलं की परकं कोण ते आधी ठरवून मग हे वाक्य म्हणतात. तिथे परका जावई. भातात फरक पडत नाही.

आता, तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. पंचायतीत मान आणि पदव्या पुरुषांच्या, बोलतात मामाच. मामाने भाच्यांना न विचारता जमीन गहाण टाकल्याची भांडणं कोर्टात जातात. आणि स्वकमाईची मालमत्ता शरियतप्रमाणे वाटली जाते, म्हणजे उदाचं पुरवाकार्ताचं घर त्याच्या मुलाला मुलीच्या दुप्पट मिळणार. डोंगर दिसतो म्हणून मी जिथे घर मागत होतो त्या माऱापीच्या उतारावरून 2024 च्या मे महिन्यात राख-दगडांचे लोंढे आले, साठाहून जास्त माणसं गेली. उदाचं घर वाचलं, पाटाचं काही राहिलं नाही.

तुम्हाला राहायचंच असेल तर परवाना काढा, भाड्याने घर घ्या, एक पावसाळा काढून बघा. इंटरनेट बरं असतं. मांसाहार करत नसाल तर हाल होतील.

दादा ही साइट वाचतो, म्हणून इथेच लिहितो. माझ्या हिश्श्यातला अर्धा मी ताईच्या नावे बक्षीसपत्राने करतोय, तुला विचारायची गरज नाही. गेल्या दिवाळीत तिला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं रडेल, नको म्हणेल. तिने विचारलं, "विहीर कुणाकडे आहे?"

विहीर दादाकडे आहे.