समुद्रातल्या ‘महत्त्वाच्या जागा’ ठरवतं कोण?

प्रश्न: परदेशातले सायंटिस्ट आपल्या समुद्रात महत्त्वाच्या जागा मार्क करतायत असं ऐकलं. मग तिथे मासेमारी बंद होणार का? – एक वाचक, वर्सोवा

उत्तर: नाही हो, लगेच बंद-बिंद काही होत नाही. या जागांना ईबीएसए म्हणतात, म्हणजे पर्यावरणाच्या किंवा जीवसृष्टीच्या दृष्टीने महत्त्वाच्या समुद्रातल्या जागा. संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता करारात सामील असलेल्या देशांनी २००८ मध्ये जर्मनीत बॉनला सात निकष ठरवले, म्हणजे जागा दुर्मिळ आहे का, तिथे पिल्लं वाढतात का, धोक्यातले प्राणी आहेत का, एकदा बिघडली तर सावरायला किती काळ लागेल वगैरे, आणि मग त्या त्या भागातल्या देशांनी पाठवलेले तज्ज्ञ एकत्र बसून सॅटेलाइट, टॅगिंग (प्राण्यांना टॅग लावून ते कुठे जातात ते बघणं), जुने सर्व्हे असा मिळेल तो डेटा नकाशावर मांडतात. अरबी समुद्राच्या भागासाठी ही बैठक २०१५ ला दुबईत झाली. त्यात खोल पाण्यातला कमी ऑक्सिजनचा पट्टासुद्धा नोंदला गेला (मला हे भारीच वाटलं, आपल्याला महत्त्वाचं म्हटलं की कोरल नाहीतर देवमासेच आठवतात). पण ही निव्वळ शास्त्रीय नोंद आहे, किनाऱ्याजवळच्या पाण्यात नियम करायचे की नाही ते सरकारच ठरवणार, त्यामुळे प्रश्न विचारायचे तर तिथे विचारा. आणि कोळ्यांना जे माहीत असतं तेही त्या नकाशात यायला हवं, असं माझं मत.