वेस्ट पॉइंटने नकार दिला, आता?

ताई,

एडिसनहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेकीला वेस्ट पॉइंटने, म्हणजे अमेरिकी लष्कराचे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीने, नकार कळवलाय, रटगर्स विद्यापीठात सप्लाय चेनला प्रवेश मिळालाय आणि तरी ती ‘मी जनरल होणार’ म्हणून हटून बसली आहे. ‘हे खूळ आता डोक्यातून काढू का?’ असं तुम्ही विचारलंय.

नका काढू. ॲन डनवुडी यांच्याबद्दल वाचा. नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांच्या खांद्यावर चौथा तारा लागला, म्हणजे त्या पूर्ण जनरल झाल्या. अमेरिकी सैन्यदलांत इथवर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. आजोबा, वडील, भाऊ, सगळे वेस्ट पॉइंटचे, पण त्या नव्हेत. त्या 1975 मध्ये अधिकारी झाल्या आणि वेस्ट पॉइंटने मुलींना घेतलं 1976 पासून! त्यांची पदवी शारीरिक शिक्षणाची, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडच्या सरकारी कॉलेजातली. दोन वर्षं सैन्यात काढून खेळाचं कोचिंग करायचं, एवढाच बेत होता. निवृत्त झाल्या 2012 मध्ये.

आणि आयुष्यभर सांभाळलं काय, तर रसद. सुरुवात फोर्ट सिल या लष्करी तळावर, वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. 1992 मध्ये 82व्या एअरबोर्न, म्हणजे छत्रीधारी सैनिकांच्या डिव्हिजनमध्ये पुरवठा आणि वाहतुकीची बटालियन हाती आली. त्या डिव्हिजनमध्ये बटालियन सांभाळणारी पहिली स्त्री त्याच. शेवटी लष्कराची सगळी सामग्री पुरवणारी अख्खी मटेरिअल कमांड, सुमारे 69,000 माणसं. सप्लाय चेन म्हणजे दुसरं काय?

रटगर्समध्ये आर्मीचा आरओटीसी आहे, म्हणजे कॉलेज शिकता शिकता अधिकारी होण्याचं प्रशिक्षण. स्कॉलरशिप मिळाली तरी दुसरं वर्ष सुरू होण्याआधी बाहेर पडता येतं, देणं काही राहत नाही. त्यानंतर मात्र एकूण 8 वर्षांची बांधिलकी, त्यातली काही रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, काढता येतात. जनरलपदाची हमी कुणीच देणार नाही. बहुतेक अधिकारी कर्नल होण्याआधीच बाहेर पडतात, आणि चांगल्या नोकऱ्याही धरतात. ‘मुलगी सैन्यात?’ म्हणणाऱ्या मावशींवर माझ्याकडे औषध नाही.

पण पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय, की नववीपर्यंत तिला इनहेलर लागायचा. ताई, नकारापेक्षा मला याची काळजी वाटते. तेराव्या वाढदिवसानंतरही दमा असेल, तर वैद्यकीय तपासणीत अडकायला होतं. सूट मागता येते, मिळतेही, पण त्यासाठी कागद लागतात. डॉक्टरांकडून शेवटच्या प्रिस्क्रिप्शनची तारीख आणि फुफ्फुसांच्या चाचणीचा रिपोर्ट याच आठवड्यात मागवा. तपासणीच्या फॉर्मवर काहीही लपवू नका, आणि आरओटीसीच्या ऑफिसात जाताना ती फाइल तिच्या हातात द्या.