नवरात्रात उतरलेलं वजन परत येतं तेव्हा

ताई, दिवसभर लिंबूपाणी आणि रात्री वाटीभर वरई खाऊन नऊ दिवसांत साडेतीन किलो उतरले, दसऱ्यानंतर आठ दिवसांत अडीच परत चढले, "माझंच काहीतरी चुकलं" असं तुम्ही लिहिलंय, आणि चरबी-स्नायू मोजणाऱ्या मशीनच्या रिपोर्टचाही उल्लेख केलाय. वाचून पोटात कालवलं, कारण सहा वर्षांपूर्वी माझं अगदी हेच झालं होतं.

ते अडीच किलो चरबी नव्हतीच. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठ दिवसांत अडीच किलो चरबी चढायला रोज नेहमीच्या जेवणावर 2,400 कॅलरी जास्त खाव्या लागतील. श्रीखंड-पुरीने एवढं होत नाही. उपवासात स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, संपत जातं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की पाणी परत येतं.

माझी चूक पुढची आहे आणि तीच तुम्ही करू नये म्हणून हे लिहितेय. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एका डाएट सेंटरमध्ये तसल्याच मशीनवर उभी राहिले. वजन कमी, म्हणून तिथल्या मॅडम खूश. "छान चाललंय, एकवेळचंच जेवण सुरू ठेवा," म्हणाल्या आणि तीन महिन्यांचे पैसे भरून घेतले. त्याच कागदावर स्नायूंचा आकडा दोन किलोने घसरलेला होता, त्याबद्दल चकार शब्द नाही. खरं तर ती मशीन शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधते. पाणी कमी असताना तिचा स्नायूंचा आकडा कमी येतो, म्हणजे तो दिवसच मोजायचा नव्हता. हेही कोणी सांगितलं नाही. मी तुळशीच्या लग्नापर्यंत तसंच रेटलं. अशक्तपणामुळे पर्वतीची टेकडी चढणं बंद झालं. महिन्याने वजन कमी होतं, पण कंबर तेवढीच! जिना चढताना मांड्या भरून यायच्या. या वेळी स्नायू खरोखरच गेले होते. पैसे परत मागितले तर "मेंटेनन्स फेजला या" एवढंच उत्तर. आजही संताप होतो.

रमजानच्या रोज्यांवरच्या अभ्यासांतही असंच दिसतं: महिन्यात सरासरी किलो-दीड किलो घट, त्यात चरबीबरोबर थोडे स्नायूही, आणि काही आठवड्यांत बहुतेक वजन परत.

मी डॉक्टर नाही. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका. पण माझं ठाम मत आहे की उपवास देवीसाठी करावा, वजनासाठी नाही. आणि करताना प्रथिनं सोडू नयेत. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम नावाला, तर मूठभर दाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास. मी आता वरईबरोबर दाण्याची आमटी, दोन्ही वेळा वाटीभर दही आणि दुपारी राजगिऱ्याची भाकरी घेते. पर्वती नऊही दिवस चढते, हळूहळू का होईना. नऊ दिवस झेपत नसतील तर उठता-बसता, म्हणजे फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास करा. माझ्या सासूबाई शेवटची कित्येक वर्षं तेवढेच करायच्या.

कंबर टेपने बेंबीपाशी मोजा, सकाळी उपाशीपोटी, दर पंधरा दिवसांनी. आणि तुम्ही म्हणताय तो मशीनचा रिपोर्ट नक्की कोणत्या दिवशी काढला ते लिहा. दसऱ्याच्या आसपासचा असेल तर त्यावरून कुठलंही पॅकेज घेऊ नका.