स्ट्रूप प्रयोगासाठी (रंगांची नावं रंगीत शाईत छापून शाईचा रंग सांगायला किती वेळ लागतो ते मोजण्यासाठी) 30 विद्यार्थी आहेत. दोन गट करू की सगळ्यांकडून दोन्ही याद्या करून घेऊ?

सगळ्यांकडून दोन्ही याद्या करून घ्या, म्हणजे विदिन-सब्जेक्ट्स डिझाइन वापरा. इथे मोजायचा आहे तो वेळ, आणि माणसामाणसांच्या वेगात मुळातच बराच फरक असतो. एका गटात चार चटपटीत मुलं जास्त आली की ‘हिरव्या शाईतला लाल’ हा गोंधळ त्याखाली दबून जातो. तीच व्यक्ती दोन्हीकडे असली की तुलना तिची तिच्याशीच होते. शिवाय 30 चे गट पाडले तर प्रत्येकी 15 च उरतात! मात्र निम्म्यांना सुसंगत यादी (शब्द आणि शाईचा रंग एकच) आधी द्या, निम्म्यांना विसंगत (दोन्ही वेगळे); नाहीतर सराव आणि कंटाळा निकालात मिसळतात. सरासरींतला फरक तपासणारी टी-टेस्टही पेअर्डच, म्हणजे एकाच व्यक्तीच्या दोन वेळांची जोडी धरणारी, लावा, प्रॅक्टिकलच्या वह्यांत नेमकी इथेच गफलत होते.

पण पहिल्या अटीचा, म्हणजे आधी दिलेल्या प्रकाराचा, ठसा पुसताच येत नसेल, तर वेगळे गट हवेत. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी 1974 मध्ये अपघाताच्या फिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला, तेव्हा 45 विद्यार्थ्यांचे पाच गट केले आणि प्रत्येक गटाला प्रश्नात वेगळं क्रियापद दिलं. एकालाच ‘आदळल्या’ आणि मग ‘धडकल्या’ असं विचारलं असतं, तर डाव लगेच कळला असता.