बाष्पीभवनातलं 'भवन' कोणतं?

एका आजींनी प्रश्न पाठवला आहे. नात सहावीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास मराठीतून झाला, आता सायन्स इंग्रजीतून. परीक्षेआधी उजळणी घेताना आजींच्या लक्षात आलं की 'इव्हॅपोरेशन' आणि 'बाष्पीभवन' हे नातीच्या डोक्यात दोन वेगळे धडे आहेत. एक यंदाचा, एक मागच्या वर्षीचा. त्यात तिने विचारलं, "आजी, भवन म्हणजे मोठी इमारत ना? मग वाफेची इमारत कुठे असते?" आजींना तीन गोष्टी हव्या आहेत: हे भवन कोणतं, वाफ आणि बाष्प एकच का, आणि बाष्पाचं पुन्हा पाणी होतं त्याला सांद्रीभवन म्हणणं बरोबर की संघनन.

नातीने शब्द फोडून पाहिला, हे मला फार आवडलं. तिला एवढंच सांगा की दोन्ही 'भवन' एकाच धातूतून आले आहेत. 'भू' म्हणजे असणं, होणं. जिथे आपलं असणं घडतं ती जागा भवन, म्हणजे घर. आणि 'होणं' ही क्रियाही भवनच. बाष्पीभवन म्हणजे बाष्प होणं.

मधल्या 'ई'चं काम तर फारच सुंदर आहे. बाष्पभवन नाही, बाष्पीभवन. संस्कृत व्याकरणात याला च्वि प्रत्यय म्हणतात आणि त्याचा अर्थ सांगतात 'अभूततद्भाव': आधी जे नव्हतं, ते होणं. पाणी बाष्प नव्हतं, ते बाष्प झालं. म्हणजे पदार्थाची अवस्था बदलते हा सगळा धडा त्या एका दीर्घ ईकारात बसला आहे. घनीभवन म्हणजे घन नव्हतं ते घन होणं, सांद्रीभवन म्हणजे सांद्र नव्हतं ते सांद्र होणं. शेवटी 'उ' असेल तर तो दीर्घ होतो: लघु, लघूकरण. त्यामुळे लिहितानाही अडायला नको. 'बाष्पिभवन' चूक, 'शुद्धिकरण' चूक. शुद्ध नव्हतं ते शुद्ध करणं, म्हणून शुद्धीकरण.

'भवन'च्या जागी 'करण' आलं की तिथे कोणीतरी करणारा असतो. आपोआप होतं ते भवन, घडवून आणलं जातं ते करण. घरच्या सिलिंडरमधला गॅस दाबाखाली द्रव करून भरलेला असतो, ते द्रवीकरण. नातीला हे अवघड वाटलं तर मराठीतलीच जोडी द्या: कपडे वाळतात आणि आपण कुरडया वाळवतो, तूप वितळतं आणि आपण ते वितळवतो. तोच फरक आहे.

आता वाफ आणि बाष्प. मुळात हा एकच शब्द आहे. संस्कृत 'बाष्प', प्राकृतात 'बप्फ', मराठीत 'वाफ', हिंदीत 'भाप'. संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूसुद्धा. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात, मुलगी सासरी निघाल्यावर कण्वांचा गळा दाटून येतो, तिथे कालिदासाने हाच शब्द वापरला आहे. डोळ्यांत दाटणारं पाणी आणि भांड्यावर दाटणारी वाफ यांना एकच नाव होतं.

पण मूळ एक असलं तरी आज मराठीत दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. वाफ गरम असते आणि दिसते: वाफाळता चहा, मोदकांना वाफ आणणं, थंडीत तोंडातून निघणारी वाफ. बाष्प हवेत असतं आणि दिसत नाही. पावसाळ्याच्या बातम्यांत अरबी समुद्रावरून 'बाष्पयुक्त वारे' येतात, 'वाफाळ वारे' कधी येत नाहीत. ही वाटणी व्यवहारात चांगली आहे, पण विज्ञानाच्या वर्गात ती एका ठिकाणी फसवते. आपण जिला वाफ म्हणतो तो पांढरा लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब असतात. पाण्याचा खरा वायू अदृश्यच असतो. उकळत्या किटलीच्या तोटीकडे जरा दुरून नीट पाहा. तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. त्या रिकाम्या जागेत वायू आहे. पुढे गार हवा लागून त्याचे थेंब झाले की तो दिसू लागतो. (नातीला हे दाखवताना तिचा हात लांब ठेवा. भाजतं ते त्या रिकाम्या जागेतच सर्वात जास्त.)

आणखी एक घोटाळा 'वाफ' या शब्दानेच होतो. पाण्याची वाफ होते म्हटलं की मुलांना उकळणं आठवतं, आणि मग बाष्पीभवनाला १०० अंश सेल्सिअस लागतात असं उत्तर लिहिलं जातं. १०० अंश हा समुद्रसपाटीवर पाणी उकळण्याचा बिंदू. तिथे पाणी सगळ्या अंगाने वायू होऊ लागतं. बाष्पीभवन मात्र पृष्ठभागावरून कोणत्याही तापमानाला चालू असतं. दोरीवरचे कपडे ३० अंशांतही वाळतात.

आणि इथे आपल्या रोजच्या मराठीकडे जरा थांबून पाहावं असं मला मनापासून वाटतं. या एका क्रियेला आपल्याकडे किती क्रियापदं आहेत! कपडे वाळतात. मासळी सुकते. बासुंदीचं दूध आटतं. बाटलीचं बूच उघडं राहिलं की स्पिरिट उडतं. हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवून बघा: 'दूध वाळलं' म्हटलं तर पातेल्याच्या कडेला चिकटलेला थर डोळ्यांपुढे येतो, आणि 'कपडे आटले' असं म्हटलं तर ते अंगाला लहान झाले असं वाटेल. पाणी ज्या वस्तूला सोडून गेलं तिच्याकडे पाहिलं तर ती 'वाळते' किंवा 'सुकते'. जो द्रव कमी झाला त्याच्याकडे पाहिलं तर तो 'आटतो'. सगळाच निघून गेला तर 'उडतो'. पाठ्यपुस्तकातला शब्द तिसरीकडून पाहतो: निघून गेलेल्या पाण्याचं झालं काय? ते बाष्प झालं. मला वाटतं, मुलांना बाष्पीभवन परकं वाटतं याचं कारण शब्दाचं संस्कृतपण नाही. वाळणं आणि आटणं त्याच घरातलं आहे हे त्यांना कोणी जोडून दाखवत नाही, हे आहे. कोकणातल्या मिठागरांत समुद्राचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ते उन्हाने आटत जातं आणि मीठ उरतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बाकीचं सगळं हवेत जातं. पाणी आटलं आणि मीठ पिकलं, एवढ्या दोन शब्दांत ती क्रिया आगरी माणूस सांगतो.

तिसरा प्रश्न, सांद्रीभवन की संघनन. दोन्ही चालतात, दोन्ही एकाच क्रियेची नावं आहेत: बाष्पाचं पुन्हा पाणी होणं. परीक्षेत तिच्या पुस्तकात जो असेल तो लिहावा. पण शिकवायला मला स्वतःला सांद्रीभवन बरं वाटतं. सांद्र म्हणजे दाट. हवेत विरळ पसरलेलं पाणी दाट झालं, जवळ आलं, थेंब झाला. संघननातही घन म्हणजे दाटच, पण मुलांनी 'घन' हा शब्द घनपदार्थ म्हणून ऐकलेला असतो, आणि वाफेपासून थेट बर्फ झाल्याची उत्तरं येतात. घन म्हणजे ढगही, ही आठवण इथे उपयोगी पडेल.

यासाठी घरचा शब्द आहे 'घाम'. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो. ते पाणी आतून झिरपलं असं बहुतेक मुलांना वाटतं. तर साध्या पाण्याऐवजी कोकम सरबत घ्या, त्यात बर्फ टाका आणि स्टीलच्या पेल्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. बाहेरचे थेंब बोटाने पुसून पाहायला सांगा. ते लाल नसतात आणि चाखले तर आंबटही लागत नाहीत. मग ते आले कुठून, हे ती स्वतःच सांगेल. (फार कोरड्या हवेत थेंब कमी येतात, तेव्हा बर्फ जरा जास्त घाला.)

आता तिच्यासमोर माठ ठेवा. माठालाही आपण घाम येतो म्हणतो, पण तिथे पाणी खरोखर आतून पाझरलेलं असतं, आणि बाहेर आल्यावर त्याचं बाष्प होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार. पेल्यावर बाष्पाचं पाणी झालं, माठावर पाण्याचं बाष्प होतंय. शब्द एक, ओलही तशीच, क्रिया उलट. या दोन घामांतला फरक जिला सांगता आला तिचा तो धडा झाला म्हणून समजा, मग तो मराठीत असो की इंग्रजीत.

जाता जाता एक जोडी. बर्फ वितळतो, साखर विरघळते. बोलताना आपण 'बर्फ विरघळला' म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही, पण उत्तरपत्रिकेत हा फरक पाळायला हवा. वितळायला फक्त उष्णता लागते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो. उलट दिशेला पाणी गोठतं, तूप थिजतं.

नातीच्या उजळणीच्या वहीत तीन रकाने पाडून द्या: एकात शाळेचा इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मागच्या वर्षीचा मराठी, तिसऱ्यात घरचा. इव्हॅपोरेशन, बाष्पीभवन, वाळणं-आटणं. कंडेन्सेशन, सांद्रीभवन, घाम येणं. सब्लिमेशन, संप्लवन (घन पदार्थाचा द्रव न होता थेट वायू होणं), आणि इथे तिसरा रकाना रिकामा ठेवून तिला देवघरातली कापराची डबी उघडायला सांगा. वड्या महिन्यापूर्वीपेक्षा लहान झाल्या आहेत, डबीत ओल कुठेच नाही. कापराचं काय झालं, ते आजी रोज कोणत्या शब्दाने सांगते?