एमएस्सी झालीय, नेटला जेआरएफ हुकतेय. पीएचडीचं रजिस्ट्रेशन आधी करू की फेलोशिप मिळेपर्यंत थांबू?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. शिवाजी विद्यापीठातनं एमएस्सी केमिस्ट्री, वय 25, सीएसआयआर नेटला (जेआरएफ म्हणजे पीएचडीला दरमहा पैसे देणारी फेलोशिप मिळवायची परीक्षा) थोडक्यात राहतंय, घरचे म्हणतायत बास झालं आता लोट्याला (कोकणातल्या एमआयडीसीत) केमिकल कंपनीत लाग, आणि तुला रिसर्च करायचंय पण बिनपगारी नाही. वर बाहेरच्या देशात काही जमतं का, आणि बहिणीला (एमए इतिहास) काही मिळेल का हे पण विचारलंयस. कॅटेगरी लिहिली नाहीस म्हणून जरा सगळीकडनं सांगावं लागणार, तेवढं चालवून घे.

आधी उत्तर सांगतो, भानगडी नंतर. थांबू नको, रजिस्ट्रेशन कर, पण ज्याच्याकडे आत्ता चालू प्रोजेक्ट आहे अशाच गाइडकडे कर.

आता का ते सांगतो. लोकांना वाटतं फेलोशिप म्हणजे आधी मिळवायची आणि मग पीएचडी सुरू करायची. जेआरएफच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं पण आहे, आधी परीक्षा मग बाकीचं. पण आपल्या राज्याच्या ज्या फेलोशिप आहेत त्यांचं एकदम उलटं असतंय, तिथं पीएचडीचं रजिस्ट्रेशन कन्फर्म झाल्याचं पत्र असल्याशिवाय अर्जच पुढं सरकत नाही. अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा आणि कुणबी यांच्यासाठी सारथी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्यासाठी महाज्योती, आदिवासी असशील तर टीआरटीआय. सारथीचं उपकेंद्र तर आपल्या कोल्हापुरातच आहे, 2021 ला शाहू जयंतीला सुरू झालं, त्यामुळं चौकशीला पुण्याला पळायची गरज नाही. म्हणजे तू "फेलोशिप आली की रजिस्ट्रेशन करतो" म्हणून बसलास तर या दाराजवळ पण पोचणार नाहीस. मात्र या फेलोशिपच्या जाहिराती, जागा, रक्कम, चाळणी परीक्षा हे सगळं वर्षावर्षाला बदलत आलंय, पोरांना त्यासाठी आंदोलनं करावी लागलीत, 50 टक्के की 100 टक्के यावरनं आझाद मैदानापर्यंत जावं लागलंय. त्यामुळं ही फेलोशिप मिळणारच असं धरून घरचं बजेट मांडू नको. मिळाली तर उत्तम.

मग रजिस्ट्रेशन लगेच कुठंही का करू नये? तर घड्याळ तिथनं सुरू होतं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणं पीएचडी कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 6, नंतर पुन्हा रजिस्ट्रेशन करून 2 वर्षं वाढवून मिळू शकतात. यातली पहिली दोन वर्षं तू केमिकल कुठनं आणू, सॅम्पल कशात टेस्ट करू, मेसचं बिल कुणी भरायचं यात घालवलीस तर पुढं सगळंच ओढाताण.

म्हणून गाइड. आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण बाकी सगळी माहिती तुला जाहिरातीत मिळेल, ही मिळणार नाही. आपल्याकडं पोरं गाइड कसा शोधतात तर ओळखीचा आहे का, स्वभाव बरा आहे का, गावाकडचा आहे का. स्वभाव बघच, पाच वर्षं काढायचीत. पण त्याच्या जोडीला पैसा बघ. कसा बघायचा? शोधगंगेवर जा, तिथं थिसिस अपलोड असतात, त्या गाइडच्या गेल्या काही विद्यार्थ्यांचे थिसिस उघड आणि फक्त ऋणनिर्देशाचं पान वाच. कुणाला जेआरएफ होती, कुणाला राज्याची फेलोशिप होती, कोण प्रोजेक्टवर होता आणि कोण नुसत्या आईवडिलांच्या जिवावर होता, सगळं त्या एका पानात कळतं. मग त्यांचे अलीकडचे पेपर उघड, शेवटी जिथं आभार असतात तिथं फंडिंग एजन्सीचं नाव आणि प्रोजेक्ट नंबर लिहिलेला असतो. डीएसटी, सीएसआयआर, आता एएनआरएफ, या केंद्राच्या संस्था. चार वर्षं झाली तरी तोच जुना नंबर फिरत असेल तर तो प्रोजेक्ट संपलाय समज. थिसिस किती वर्षात सबमिट झाला ते पण त्यातनंच काढता येतं, रजिस्ट्रेशनचं साल कुठंतरी असतंयच.

चालू प्रोजेक्ट असला की त्यात जेआरएफची (नाव तेच, पण पैसे प्रोजेक्टमधनं) किंवा प्रोजेक्ट असोसिएटची जागा असते. जागेची जाहिरात विद्यापीठाच्या वेबसाइटवर निघते, मुलाखत होते, बऱ्याचदा दहा-पंधराच पोरं येतात. इथं एक गोष्ट लक्षात ठेव, प्रोजेक्टमधल्या जेआरएफला साधारण नेट किंवा गेट यातलं एक पास लागतं. गेट! केमिस्ट्रीचा पेपर आहे, स्कोअर 3 वर्षं चालतो, अभ्यास बराचसा तोच. नेट नेट करत बसणारी निम्मी पोरं गेटचा फॉर्मच भरत नाहीत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सेट, म्हणजे नेटसारखी राज्याची परीक्षा, मात्र वेगळी बाब. सेट पास झालास तर महाराष्ट्रात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी पात्र होशील, पण त्यावर फेलोशिप एक रुपयाची नाही.

आता जेआरएफचे आकडे, म्हणजे घरी सांगायला बरं. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, नंतर एसआरएफ (सिनियर फेलो) झाल्यावर 42 हजार, एकूण 5 वर्षं. वर घरभाडं भत्ता, तो शहराप्रमाणं ठरतो, कोल्हापूर वाय दर्जात येतं म्हणजे पुण्यामुंबईपेक्षा टक्का कमी, आणि हॉस्टेलला राहिलास तर तो मिळत नाही. वरखर्चाला, ज्याला कंटिंजन्सी म्हणतात, यूजीसीच्या जेआरएफला सायन्सवाल्यांना पहिली दोन वर्षं सालाला 12 हजार आणि पुढं 25 हजार. हे 12 हजार ऐकायला बरे वाटतात पण विद्यापीठात सीएफसीला (मशीनवर सॅम्पल तपासून देणारं केंद्र) एक्सआरडी, एसईएम असल्या टेस्टला चार सॅम्पल टाकलीस की समजतं किती उडतात ते. म्हणून पुन्हा प्रोजेक्टवाला गाइड.

लोट्याच्या पगाराशी तुलना करणार घरचे, करू देत. सुरुवातीला तिथं 37 हजार देतायत का विचार फक्त.

पण पैसा वेळेवर येतो असं समजू नको हां. जेआरएफ निघाली, विद्यापीठात जॉइन झालास, कागद वर गेले, कॅनरा बँकेच्या पोर्टलवर विद्यापीठाच्या मेकर-चेकरनं (माहिती भरणारा आणि तपासणारा) दर महिन्याला कन्फर्म करायचं, त्यात कुणी रजेवर गेलं की महिना गेला. नंतर थकबाकी एकदम येते हे खरं, पण तोवर सागरमाळला किंवा राजेंद्रनगरला कॉट बेसिसवर राहायचं तर भाडं कुणी थांबत नाही. वर्षभराची सोय असल्याशिवाय उडी मारू नको. सोय म्हणजे घरनं, साठवलेलं, क्लासला शिकवून, काहीही. मात्र फेलोशिप सुरू झाली की तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणं बंद करायचं, दुसरीकडनं पगार घेत नाही असं लिहून द्यावं लागतं आणि नंतर सापडलं तर वसुली लागते. "कोण बघतंय" म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको.

नेटचं सोडू नको पण. रजिस्ट्रेशन झाल्यावर जेआरएफ निघाली तरी तिथनं पुढं घेता येते. तुझं थोडक्यात राहतंय म्हणजे अभ्यासाचा प्रश्न कमी आणि पेपर सोडवण्याचा जास्त असावा. केमिकल सायन्सेसला पार्ट सी मध्ये 60 प्रश्न असतात, सोडवायचे 25, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की एक गुण कापला. म्हणजे 35 प्रश्न सोडायची मुभा आहे, आणि आपली पोरं ती मुभा वापरत नाहीत, दिसला प्रश्न की भिडायचं. ऑरगॅनिक आणि इनॉरगॅनिक पक्कं असेल तर फिजिकलमधलं नुसतं हातखंडा आहे तेवढंच उचल. आणि पार्ट ए, ते अॅप्टिट्यूड, 30 गुण आहेत रे, केमिस्ट्रीचं एक अक्षर न वाचता. 2024 पासून निकालात तिसरी पायरी पण आलीय, जेआरएफ नाही, असिस्टंट प्रोफेसर नाही, पण पीएचडी ऍडमिशनपुरता पात्र. तो निकाल एक वर्ष चालतो, त्यावर ऍडमिशन देताना 70 टक्के नेटचे गुण आणि 30 टक्के मुलाखत धरतात. तुझ्या निकालपत्रात ते आलंय का नीट बघ, पोरं जेआरएफ नाही दिसली की निराश होऊन पान बंद करतात.

एमएस्सीला विद्यापीठात पहिला आला असशील तर डीएसटीची इन्स्पायर फेलोशिप बघ, पण मग तू हा प्रश्न विचारला नसतास बहुतेक. पीएमआरएफचं नाव पण ऐकलं असशील, 70 हजारांपासून सुरू होते, पण ती आयआयटी, आयआयएस्सी, आयसर असल्या ठिकाणच्या पीएचडीला, आपल्या विद्यापीठात बसून नाही.

बाहेरच्या देशाचं. एमएस्सीवर थेट पीएचडीला जायचं तर जर्मनी, नेदरलँड्स इकडं पीएचडी म्हणजे बरेचदा नोकरीच असते, जागेची जाहिरात येते, पगार असतो, आपण सीव्ही घेऊन अर्ज करायचा. जपानला मेक्स्ट, कोरियाला जीकेएस या सरकारी शिष्यवृत्त्या. पण कोल्हापूरचा खरा रस्ता कुठला ते तुलाही माहीत असेल, इथं थिन फिल्म, सुपरकॅपॅसिटर, गॅस सेन्सर यावर पीएचडी करायची आणि कोरियाला पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चच्या कामाला जायचं. फिजिक्स, केमिस्ट्रीची इतकी मंडळी गेलीत की एकाचा हात धरून दुसरा गेलाय. हसू नको, ओळखीचा सिनियर तिथल्या प्राध्यापकाला "हा पोरगा बरा आहे" एवढं जरी म्हणाला तरी तुझा ईमेल उघडला जातो. युरोपात मारी क्युरी पोस्टडॉक आहे, अर्ज बहुतेक सप्टेंबरात, पीएचडी नंतर 8 वर्षांपेक्षा जास्त रिसर्चचा अनुभव नको आणि ज्या देशात जायचंय तिथं मागच्या 3 वर्षांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. हे आत्ता तुझ्या कामाचं नाही, पण पीएचडीत पेपर कुठल्या दर्जाचे करायचे हे ठरवताना डोक्यात असू दे. पैसे भरून आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या जर्नलला तिथं कुणी विचारत नाही.

अनुसूचित जातीतला असशील तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहेच, पीएचडीला पण मिळते. 1920 ला बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली होती, त्या नावाची शिष्यवृत्ती आणि आपल्या गावातनं चौकशी करणारे कमी, हे काय बरं वाटत नाही.

कागदं आत्ताच काढायला लाग. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमी लेअर, उत्पन्न, डोमिसाइल, जे जे लागू असेल ते. जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावलीस तर मुदत संपेपर्यंत दाखला येत नाही. आणि सगळीकडं नावाचं स्पेलिंग आधार आणि मार्कलिस्टशी जुळतं का बघ, वडिलांच्या नावातला एक जादा ए सुद्धा पोर्टल अडवून धरतं.

आता बहीण. यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप तिला सुचवली असशील तर ती एकुलत्या एका मुलीसाठी आहे, आणि तू जन्माला येऊन ती वाट बंद केलीयस. तिला यूजीसी नेट, जेआरएफला वयाची अट 30 पण मुलींना 5 वर्षं सवलत, म्हणजे 35 पर्यंत हातात आहेत. त्याशिवाय इतिहासाला आयसीएचआरची (भारतीय इतिहास संशोधन परिषद) फेलोशिप आहे, विषय समाजशास्त्राकडं झुकणारा असला तर आयसीएसएसआर (सामाजिक विज्ञानाची तशीच परिषद) पण. या दोन्ही ठिकाणी प्रपोजलवर भर असतो, आणि तिथं "कोल्हापूर संस्थान: एक अभ्यास" असला गोलमाल विषय चालत नाही. तिला म्हणावं आधी मोडी शिक. करवीर संस्थानचे मोडीतले कागद इथं पुरालेखागारात आहेत, ते स्वतः वाचून त्यातला एक छोटा विषय उचलला, एखाद्या पेठेची जकात म्हण, एखाद्या बोर्डिंगचा हिशोब म्हण, तर प्रपोजलमध्ये "मूळ साधने" या रकान्यात तिला खरोखर काहीतरी लिहिता येईल.