वाचकांचे प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क, साडेपाच तास की सोळा?

प्रश्न : माझी आई जानेवारीत प्रथमच एकटी न्यूयॉर्कला मुलीकडे जाणार आहे. तिकिटानुसार विमान मुंबईहून 10 तारखेला रात्री 1.30 वाजता सुटते आणि त्याच तारखेला सकाळी 7 वाजता तिथे पोहोचते. परतीचे विमान मात्र सकाळी 11.30 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12.30 ला मुंबईत उतरते. एकाच वाटेला जाताना साडेपाच आणि येताना पंचवीस तास कसे लागतील? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास), म्हणून जाताना साडेपाचमध्ये साडेदहा मिळवावेत, म्हणजे सोळा तास येतात. आणि येताना पंचवीसमधून तेवढेच वजा करावेत, म्हणजे साडेचौदा तास उरतात. आपल्या दोन आकड्यांची बेरीज साडेतीस तास होते आणि खऱ्या वेळांचीही तेवढीच होते, कारण जाताना घड्याळात मिळालेले जादा तास येताना परत द्यावे लागतात. कोणतेही परतीचे तिकीट असे पडताळून पाहता येते, फक्त दोन्ही प्रवासांच्या मध्ये तिथले घड्याळ बदललेले नसावे.

उरलेला दीड तासाचा फरक मात्र खरा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून असे होते, असे अनेकांना वाटते. परंतु पृथ्वीबरोबर हवाही फिरत असल्यामुळे नुसत्या फिरण्याचा विमानाला लाभ किंवा तोटा होत नाही. खरे कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह हे आहे. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो, आणि ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला तो वारा येताना पाठीशी, तर जाताना समोरून मिळतो.

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, पण ती 14,000 किलोमीटरहून लांब भरते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे वळून थेट आइसलँडच्या आसपास जातो, आणि तीच सर्वांत जवळची वाट होय. अर्थात विमानाला नेहमी दोऱ्यावरून जाता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा अमेरिकेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढला.

एक गोष्ट कृपया आईंना आवर्जून सांगा. 10 तारखेच्या रात्री 1.30 चे विमान गाठायचे तर 9 तारखेच्या संध्याकाळीच विमानतळावर पोहोचावे लागते. 10 तारखेला रात्री जेवून निघाल्यास ते विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेले असेल. त्यांना रोजची औषधे असतील, तर ती कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद औषधांसह हातातल्या पिशवीत ठेवावा.